सात ढेपांचे नरूकाका

आधीच सांगते, माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. मी चौथी पास आहे, पण त्यातली निम्मी शाळा धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या उंबऱ्याशी उभ्या उभ्या झाली. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला अजून कळत नाही. हात थांबला की ऱ्हस्व, पुढे गेला की दीर्घ. कुणाच्या हाती हे कागद लागलेच तर चुका पोटात घाला. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. आणि पोटात घालण्यावरूनच ज्यांची आठवण व्हावी, त्या माणसाबद्दल लिहिते आहे.

आमचे शेजारी नरूकाका उपास करकरून जाड झाले होते.

थट्टा नाही. डोंबिवलीत तेव्हा आमची एकमजली चाळ, पुढे भाताची खाचरं, मागे विहीर. माडीवरच्या शेवटच्या दोन खोल्या समोरासमोर. एकीत आम्ही आणि दुसरीत नरूकाका आणि त्यांच्या थोरल्या बहीण अक्का. काका ठाण्याला कचेरीत कारकून होते. लग्न केलेलं नव्हतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय दोन एकादश्या, एक चतुर्थी आणि प्रदोष. म्हणजे महिन्याचे अर्धे दिवस त्यांचा उपास, आणि उरलेले अर्धे दिवस आदल्या दिवशीच्या उपासाचं पारणं.

उपासाच्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे राहायचे. दार पूर्ण भरून जायचं आणि स्वयंपाकघरात अंधार व्हायचा.

"इंदूवहिनी, खिचडीचा वास आला. आज माझाही उपास आहे, तेव्हा जरा सढळ हातानं घाला."

वाटीभर खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, एवढं झालं की म्हणायचे, "आज देह अगदी हलका वाटतोय."

स्वतःबद्दल ते 'मी' असं क्वचितच म्हणत. 'देह' म्हणत. जिन्यातून हाक यायची, "देह वर येतोय हो, बाजूला व्हा." पंगतीत बसताना, "देहाला दोन पाट लागतात." आणि वाढप्यानं आग्रह केला की हात जोडून, डोळे मिटून म्हणत, "अन्नाला नाही म्हणवत नाही हो!"

हे सगळं रेशनच्या दिवसांत चाललं होतं, बरं का. माणशी तोळ्या-मासानं धान्य मिळायचं, साखर औषधासारखी. सगळी चाळ वाळली होती आणि काका फुलत होते, कारण साबुदाण्याला आणि रताळ्याला कार्ड लागत नव्हतं. एकदा रेशनचा इन्स्पेक्टर कार्डं तपासायला आला. काकांचं कार्ड बघितलं, काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पुन्हा कार्ड बघितलं.

"घरात माणसं दोनच?"

"दोनच," काका म्हणाले. "पण देवाच्या दयेनं उपास फार असतात."

तो माणूस पलंगाखाली वाकून तांदळाचं पोतं शोधत होता. अक्कांनी त्यालाही ताटली भरून शिंगाड्याचा शिरा दिला. तो खाऊन तो निमूट गेला.

अक्का काकांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. लाल आलवण, वाळलेली बोटं, आवाज मात्र खणखणीत. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आल्या, त्याच साली आई सहा महिन्यांच्या नरूला मागे ठेवून देवाघरी गेली. दूध विकत घ्यायची ऐपत नव्हती. "गुळाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून चोखायला देत होते मी त्याला," त्या सांगायच्या. "मुठीएवढा होता. बायका म्हणायच्या, हे पोर काही लागत नाही हाती. आता बघा म्हणावं!" आणि काकांच्या पाठीवर थाप मारायच्या. पाठ एवढी मोठी की थापेचा आवाज दोनदा यायचा.

त्यामुळे काकांचं जाड असणं ही अक्कांची कमाई होती. त्यांच्या डोळ्यांपुढे तो मुठीएवढाच होता आणि तो पुन्हा तसा होईल ही भीती त्यांना पन्नास वर्षं पुरली.

मग चैत्रात शेजारच्या चाळीत एक मुंज झाली. भिक्षावळीचे लाडू उरले. उन्हाळ्याचे दिवस, लाडू टिकणार नाहीत, असं कुणीतरी काकांच्या देखत म्हणालं. बोलणाऱ्यानं सहज म्हटलं होतं. काकांनी ते मनावर घेतलं. घरी येताना जिन्याच्या चौथ्या पायरीवर ते बसले ते उठेचनात. तोंड पांढरंफटक, अंगावरून घामाच्या धारा, एक हात छातीवर. मी वर कठड्याशी होते. "देह..." एवढंच म्हणाले आणि पुढे काही नाही.

चाळीतल्या चार पुरुषांना ते उचलेनात. शेवटी नाक्यावरच्या कोळशाच्या वखारीतले दोन हमाल आणले. त्यांनी "हो बोला" करत पोतं उचलावं तसे काकांना खोलीत नेऊन ठेवलं. कल्याणहून डॉक्टर येईपर्यंत अक्का उशाशी बसून होत्या. रडल्या नाहीत. एकाएकी उठल्या, खिडकीतून गावदेवीच्या दिशेला हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आई, माझा नरू उठून चालू दे. वर्षाच्या आत त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन."

काकांनी एक डोळा उघडला.

"अक्के," अगदी क्षीण आवाजात म्हणाले, "गूळ कशाला? मीठ बोल. इथे मिठागरं जवळ आहेत. स्वस्त पडेल."

"गप्प पड! देवीला मीठ वाटतात?"

माझ्या यांनी तोंडावर पंचा धरला. हसू आवरत नव्हतं, आणि एका परीनं सगळ्यांना धीरही आला. जो माणूस भाव करतो तो इतक्यात जात नाही.

डॉक्टर आले, नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "काळीज चांगलं आहे तुमचं. पण त्याला एका माणसाचं काम दिलेलं असतं, तुम्ही दोघांचं करून घेताय. निम्मा माणूस कमी करा. नाहीतर पुढच्या खेपेला मला बोलावू नका, भटजींना बोलवा."

काका आठ दिवसांत उठून चालू लागले. पहिली चाल कुठे, तर वखारीत. तिथे पोती तोलायचा मोठा लोंबता काटा होता. तोलार गणपतनं काकांना पारड्यात बसवलं आणि दुसरीकडे वजनं चढवत गेला. मग वीरजीभाई वाण्याकडे जाऊन हिशेब झाला. बाजारात येते तशी गुळाची ढेप धरली तर काका भरले सात ढेपा. ही बातमी त्यांच्या आधी चाळीत पोचली. त्या दिवसापासून पोरंसोरंसुद्धा त्यांना 'सात ढेपांचे काका' म्हणू लागली.

सात ढेपांचा भाव ऐकून काका थोडे गंभीर झाले, पण म्हणाले, "हरकत नाही. दोन पगारांत होऊन जाईल."

"तुझा पगार कशाला?" अक्का म्हणाल्या. "नवस मी बोलले. ज्याचा नवस त्याचाच पैसा. तुझ्या पैशानं फेडला तर तो माझा नवसच नव्हे. आणि मग देवीनं तुला सांभाळावं का?"

काकांनी खूप सांगून बघितलं. गुरवाला विचारलं. गुरवानंही अक्कांसारखंच सांगितलं. आता अक्कांजवळ कुठला पैसा? अंगावर सोन्याचा मणी नाही, सासरचं काही मिळालेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या वीरजीभाईंच्या दुकानात गेल्या आणि उडदाचं पीठ घेऊन आल्या. शेकड्याच्या भावानं पापड लाटून द्यायचे, मजुरी त्यांच्याकडेच जमा ठेवायची. पाऊस पडला की पापड बंद, मग वाती आणि मेतकूट. थंडीत सांडगे, मग पुन्हा पापड. साठीच्या पुढची बाई. दोन महिन्यांत उजवं मनगट सुजून आंब्याएवढं झालं. रात्री त्या हळद-मीठ लावून फडकं बांधायच्या आणि सकाळी सोडून लाटणं हातात घ्यायच्या.

याच सुमारास काकांनी वजन उतरवायचं मनावर घेतलं. चाळीला वाटलं, डॉक्टरांच्या भटजींना घाबरले.

त्यांचा पहिला उपाय म्हणजे उपास वाढवले. डॉक्टरांनी खाणं कमी करा सांगितलंय, आणि उपास म्हणजे न खाणं, असा सरळ हिशेब. मंगळवार आणि शुक्रवार धरले. महिन्यानं वखारीत गेले. काट्यात कोळशाची भुकटी असायची, त्यामुळे परतताना धोतराला मागे काळा डाग असे आणि 'आज काका तोलून आले' हे सगळ्यांना कळे. त्या दिवशी डाग होता आणि तोंडही तसंच काळं होतं.

"काय हो काका, किती?" खालून कुणीतरी विचारलं.

"सव्वासात."

गणपत म्हणाला होता म्हणे, "काका, तुमी उपास सोडा, नायतर माजा काटा जीव सोडंल."

दुसरा उपाय चालण्याचा. पहाटे उठून कोपरच्या खाडीपर्यंत जायचे. छत्री, पायात वहाणा, डोक्याला मफलर. पण वाटेतल्या पाड्यांवरची माणसं प्रेमळ. एवढा मोठा बामण पहाटे चालत आला म्हणजे काही अडचण असेल, असं त्यांना वाटे. कुणी ताडगोळे देई, कुणी गरम तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी बायजा तिथलीच. ती एकदा टोपली उतरवता उतरवता काकांना म्हणाली, "काका, रोज येतस, रोज खातस, न आजून त तवराच हायस!"

"अन्नाला नाही म्हणवत नाही गं, बायजा," काका म्हणाले. पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. दाराशी अक्का पापड वाळत घालत होत्या, तिकडे बघत होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते माझ्या दारात आले. संध्याकाळ होती. हे अजून घरी यायचे होते. मी पदर सावरून दाराआड झाले. परक्या पुरुषाशी, मग तो नरूकाका का असेना, मला समोर उभं राहून बोलता येत नसे.

"इंदूवहिनी, एक काम होतं," ते हळूच म्हणाले. कोटाच्या खिशातून त्यांनी रुमालात बांधलेले दोन मेथीचे लाडू काढले. "हे ठेवून घ्या. अक्कानं कचेरीत खायला दिलेत. फेकवत नाहीत, आणि परत नेले तर ती रडेल. आजपासून जे देईल ते मी तुमच्याकडे आणून देणार. तिला मात्र कळता कामा नये."

मी दाराआडून विचारलं, "पण काका, डॉक्टरांनी सांगितलंय हे अक्कांना सांगा की."

"डॉक्टरांचं काय घेऊन बसलात? पन्नाशी आली, देह आज ना उद्या जायचाच." मग अक्कांच्या दाराकडे बघत म्हणाले, "तुम्ही तिचं मनगट बघितलंत? मला पैसे देता येत नाहीत, वहिनी. ती घेत नाही. एवढंच देता येईल. एक ढेप उतरली तर किती पापड वाचतील, मी हिशेब केलाय. कारकून आहे ना."

मी हात पुढे करून लाडू घेतले.

झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी खिशातून काहीतरी यायचं. दशमी, चिवडा, गूळपोळी, डिंकाचा लाडू. रात्रीच्या जेवणातलंही ताटाबाहेर जाई. अक्का वाढायला वळल्या की निम्मा भात केळीच्या पानात गुंडाळून मांडीखाली. जेवून हात धुवायला जाताना ते पान माझ्या खिडकीत. वाटेतल्या भाकऱ्या चुकाव्यात म्हणून खाडीची वाट सोडून ते रुळांच्या कडेनं ठाकुर्लीकडे चालू लागले, कारण तिकडे दगडांशिवाय कुणी भेटत नसे. आणि एका गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीपुढे बसून त्यांनी हात जोडले, डोळे उघडे ठेवले आणि म्हणाले, "नको." खिचडी माझीच होती, म्हणून मला पक्कं आठवतं. घाम आला होता त्यांना.

आमच्या घरात अन्न टाकायची पद्धत नाही. रेशनच्या दिवसांत तर नाहीच. तेव्हा ते सगळं आम्ही खाल्लं. आमचे हे मुळचे काडीसारखे. दिवाळीपर्यंत त्यांच्या कोटाचं एक बटण लागेना, संक्रांतीला दुसरं. काका उतरत होते आणि हे चढत होते. हे मला म्हणाले, "अगं, तुझ्या हाताला अलीकडे काय चव आलीय!" मी त्यांच्या ताटात आणखी एक लाडू वाढला. तोंडाला कुलूप होतं.

वखारीत काका सहावर आले, मग साडेपाचवर. चाळीत शर्यतीसारखं झालं होतं. रविवारी पुरुष मंडळी गॅलरीत उभी राहून विचारत, "काका, आज काय भाव?" आणि काका जिन्यातून बोटं दाखवत. आता हाक न मारता जिना चढायचे. गळ्याखालची कातडी लोंबली, कोट अंगाभोवती पडद्यासारखा हालायचा.

फक्त अक्का हसत नव्हत्या. दुपारी पापड लाटताना मला बोलवायच्या आणि पोळपाटाकडे बघतच म्हणायच्या, "इंदू, माझं काही चुकतंय का गं? दोन-दोन वेळा वाढते. तूप घालते. तरी पोर वाळतंय. आतून काही लागलं तर नाही त्याला?" एकदा त्यांचे डोळे भरून आले. "पुन्हा मुठीएवढा होईल की काय!"

आणि त्यांचेच लाडू माझ्या घरात असायचे. सांगावं तर काकांना दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर ही बाई झुरते. मी नुसतं म्हणायचे, "अक्का, चालतात ना ते रोज. चेहऱ्यावर तेज आलंय." तेही खोटं नव्हतं. डॉक्टर एकदा कल्याणला भेटले तेव्हा नळी लावून म्हणाले होते, काळजाला आता रविवारची सुट्टी मिळाल्यासारखं वाटतंय.

चैत्र आला. वर्ष भरत आलं. गावदेवीच्या आवारातल्या वडाला वखारीतला काटा टांगला. गणपतनं तो चिंचेनं घासून लखलखीत केला होता, गुरवानं गोमूत्र शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. सगळी चाळ जमली होती. बायजा तिच्या पाड्यावरच्या बायका घेऊन आली होती. एका बाजूला वीरजीभाईंची बैलगाडी, तिच्यावर गोणपाटाखाली गूळ. मला गर्दीत शिरायची लाज वाटते, म्हणून मी वडाच्या पारंबीआड उभी होते. तिथून काका अगदी जवळ दिसत होते.

नवं धोतर, उपरणं, कपाळाला गंध. काका पारड्यात मांडी घालून बसले. पारडं जमिनीला टेकलं. समोर एक ढेप, दोन, तीन. चौथी ठेवली तसे काका हलले. पाचवी ठेवली आणि काका जमिनीवरून उचलले गेले. गणपतनं काट्याला बोट लावलं, तो थोडा डुलला आणि मधोमध उभा राहिला.

"पाच!" गणपत ओरडला. "पुरे पाच!"

टाळ्या पडल्या. बायजा म्हणाली, "आरं, ह्या त नवरदेव झाला!" काका अधांतरी बसले होते आणि हसत होते. एवढे हसताना मी त्यांना तोपर्यंत पाहिलं नव्हतं. अक्कांकडे बघून त्यांनी हाताचा पंजा दाखवला. पाच.

अक्का गाडीकडे वळल्या. "वीरजीभाई, उरलेल्या दोन आणा."

गोणपाट बाजूला झालं. गाडीत आणखी दोन ढेपा होत्या. वर्षभराच्या मजुरीत तीन ढेपांचेसुद्धा पैसे पुरते जमले नव्हते, बाकी सगळं अक्कांनी उधार उचललं होतं. सातच्या सात.

"अक्के!" काका पारड्यातूनच ओरडले. "अगं काटा बघ! सरळ उभा आहे!"

"काटा वाण्याला दाखव. मी नवस बोलले तेव्हा तू सात ढेपांचा होतास. देवीशी लबाडी करू? तू जगलास ना? सातच्या सात ढेपांनी जगलास."

"पण आता ते दोन नाहीतच माझ्या अंगावर!"

"म्हणून काय झालं? ते मीच घातले होते ना अंगावर? गुळाच्या पाण्यापासून? तेही देवीचेच."

दोन ढेपा खाली, जमिनीवर, पारड्याच्या शेजारी ठेवल्या गेल्या. अक्कांनी त्यांना वेगळं हळदकुंकू लावलं. लोक हसले, कुणी वाहवा म्हणालं. गुरव गूळ फोडायला बसला.

काका काही खाली उतरेनात. लोक गुळाकडे पांगले तरी ते पारड्यात तसेच बसून होते, हात मांडीवर, मान खाली. अक्का जवळ गेल्या. "उतर रे. पाय आखडतील."

"मी मरणाला भिऊन उतरलो असं वाटलं तुला?" ते एवढं हळू बोलले की पारंबीआड असलेल्या मलाच ऐकू आलं असेल. "तुझ्या दोन ढेपा वाचवायला उतरलो होतो. वर्षभर तुझ्या हातचं पोटभर खाल्लं नाही मी, अक्के. चोरून दुसऱ्यांना दिलं. तुझं मनगट बघवत नाही मला."

अक्कांनी काय करावं? उपरण्याच्या टोकानं काकांचं तोंड पुसलं, जसं लहान मुलाचं पुसतात, नाकासकट.

"वाळला नव्हतास तर," त्या म्हणाल्या. "आजारी नव्हतास."

"नाही."

"वर्षभर मी देवीला हात जोडत होते, की पोराला आत काय लागलंय ते सांग." आणि मग रागानं, "दुसऱ्यांना म्हणजे कुणाला?"

काकांनी पारंबीकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. पण अक्कांनी माझ्या यांच्याकडे बघितलं. हे गुळाचा खडा तोंडात टाकत होते आणि सदऱ्याची बटणं ताणली गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी डिंकाचे चार लाडू सरळ आमच्या दारात आणून ठेवले आणि म्हणाल्या, "आता सवय लागली असेल बिचाऱ्याला."

त्या दोन ढेपा मात्र डोक्यावर राहिल्या, शिवाय आधीचीही उधारी. अक्का पुन्हा पोळपाटाशी बसल्या. त्याच संध्याकाळी काका कचेरीतून आले, कोट खुंटीला लावला आणि त्यांच्या समोर मांडी घालून बसले.

"पैसा घेणार नाही मी तुझा," अक्का न बघता म्हणाल्या.

"पैसा नाही देत. हात देतोय."

अक्कांनी लाटणं बाजूला ठेवून त्या हातांकडे पाहिलं. मोठे, गोरे, शाई लागलेले कारकुनी हात.

"हात चालतील," शेवटी म्हणाल्या. "ते मीच वाढवलेत."

काकांनी लाटलेला पहिला पापड वीरजीभाईंनी उजेडात धरला आणि परत केला. "काका, आ पापड नथी, रोटली छे!" तेव्हापासून लाटायचं अक्कांकडे आणि पीठ कुटायचं नि लाट्या करायच्या काकांकडे. तेलाचं बोट लावून ते एकसारख्या गोल लाट्या करत आणि परातीत ओळीनं मांडत. उडदाच्या पिठाची ताजी लाटी, हिंग आणि मिरी घातलेली. पापड करणाऱ्या घरात ती दिसली की मुलंच काय, म्हातारीसुद्धा उचलून तोंडात टाकते. आम्ही बायका मदतीला बसत असू, आम्हीही टाकायचो. काकांपुढे रोज शंभर-दीडशे लाट्या असत. त्यांनी एकही खाल्ली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "देहानं खाल्ली तर एक पापड कमी. तो अक्काला पुन्हा लाटावा लागेल." आणि पुढची लाटी वळत.

मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. कधी कधी ओठ हलायचे. पण हात परातीतच जायचा.

रविवारी वाळलेल्या पापडांची करंडी डोक्यावर घेऊन ते स्वतः दुकानात जात. डोक्यावर करंडी म्हणून काळी टोपी हातात. कचेरीतला कुणी भेटला की टोपीनंच नमस्कार करत. दोन उन्हाळे असे गेले. मधल्या पावसाळ्यात दोघं समोरासमोर बसून वाती वळत आणि एकमेकांच्या वातींना नावं ठेवत.

दुसऱ्या वैशाखात एका दुपारी अक्का आणि काका दोघंही दुकानात गेले. सकाळी लाटून उन्हात वाळवलेले, उधारीतले शेवटचे पापड होते. मी त्यांच्या खोलीत बसले होते, घराकडे बघायला. परतले तेव्हा काका पुढे होते, रिकामी करंडी काखेत. अक्का देवीशी थांबून मागून जिना चढून आल्या, दाराशी थोड्या टेकल्या.

त्या दिवशी पीठ जरा जास्त झालं होतं. परातीत ओल्या फडक्याखाली चार-पाच लाट्या उरल्या होत्या. अक्कांनी फडकं उचललं. एक लाटी घेतली, वाटीतल्या तेलात बुडवली आणि काकांच्या तोंडासमोर धरली.

काकांनी तोंड उघडलं नाही.

"सगळं फिटलं?"

"तुझ्यासमोरच तर रेघ मारली त्यांनी खात्यावर."

"व्याजाचं काही? गाडीभाडं?"

"नाही रे. वीरजीभाई म्हणाले, उलट दोन आणे तुमचेच निघतात. ते मी देवीच्या पेटीत टाकून आले. दमडीसुद्धा राहिली नाही कुणाची."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे.

मग तोंड उघडलं.